अमेरिकेचा पंप वडशाला

अमेरिकेहून गावी येणारी माणसं बॅगेत चॉकलेटं, बदाम आणि गुडघ्याला चोळायची मलमं आणतात. मीही आणली. पण गेल्या डिसेंबरात माझ्या बॅगेच्या मधोमध, आईसाठी घेतलेल्या स्वेटरात गुंडाळलेला, पाचेक किलोंचा एक डिझेल पंप होता. माझ्या छोट्या, म्हाताऱ्या गाडीचा. इंजिनाला मोजून-मापून डिझेल पाजणारा हा डबा पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ गावातून निघाला होता आणि दुरुस्तीसाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला चालला होता.

निघण्यापूर्वी मी तो पूर्ण रिकामा केला, धुतला, आठ दिवस गॅरेजात दोरीला टांगून सुकवला आणि विमान कंपनीकडून लेखी परवानगी घेतली. तरी विमानतळावर बॅग उघडायला लावलीच. तपासणाऱ्या बाईंनी कागद वाचला, पंप खालून-वरून पाहिला आणि विचारलं, "दुरुस्तीसाठी एवढ्या लांब का?" माझ्याकडे लांबलचक उत्तर होतं आणि माझ्या मागे लांबलचक रांग होती. "तिथला मिस्त्री चांगला आहे," एवढंच मी म्हटलं. बाईंनी 'असेल बुवा' अशा चेहऱ्याने चेन ओढली. ते लांबलचक उत्तर आता परत आल्यावर लिहिते आहे.

अमेरिकेत डिझेल हे ट्रकचं आणि ट्रॅक्टरचं खाणं. घरच्या गाड्या पेट्रोलवर चालतात. त्यामुळे छोटी डिझेल गाडी घेऊन हिंडणारं माणूस तिथे जरा चक्रमच समजलं जातं. निम्म्या पंपांवर डिझेल मिळत नाही. जिथे ट्रक थांबतात तिथे जावं, तर त्यांची नळी इतकी जाडजूड की माझ्या गाडीच्या तोंडात शिरत नाही. बरोबर नळी सापडलीच, तर शेजारचा कुणीतरी भला माणूस हात हलवत धावत येतो, "बाई, थांबा, ते डिझेल आहे!" मी म्हणते, "गाडीही डिझेलच आहे." मग तो दोन पावलं मागे सरून गाडीकडे बघतो आणि दहातले सहा जण तरी म्हणतात, "माझ्या वडिलांकडे अशी होती." इतक्या लोकांच्या वडिलांविषयी मी पंपावर उभी राहून ऐकलंय की विचारू नका. थंडीत बोटं गोठत असतात, हाताला डिझेलचा वास लागलेला असतो आणि समोरचा आपल्या वडिलांसोबत केलेल्या कुठल्यातरी जुन्या प्रवासात रमलेला असतो. मला कधी निघावंसं वाटलं नाही, कारण ही गाडी माझ्याही वडिलांचीच करणी होती.

बाबा आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे चार महिने राहायला आले. गोंडपिपरीला पंचवीस वर्षं काळीपिवळी जीप चालवलेला माणूस तो. वामनभाऊची जीप म्हटलं की आष्टी, चामोर्शीपर्यंत लोक ओळखायचे. पेनसिल्व्हेनियात त्यांना ना भाषा येत होती, ना कुणी ओळखत होतं. मी तेव्हा नोकरीवर मैत्रिणीच्या गाडीतून जायची. बाबा दिवसभर खिडकीत बसून रस्ता पाहायचे आणि मी आले की एकच विचारायचे, "ह्या साऱ्या गाड्या रिकाम्याच चालल्या काऊन वो? एका गाडीत एक माणूस!" मी सांगायची, इथे असंच असतं. ते मान हलवायचे, पण पटलेलं नसायचं. माझ्या घरासमोरच्या बसथांब्यावर डोरोथी नावाची शेजारीण रोज उभी असायची, सत्तरीच्या पुढची. मैत्रिणीच्या गाडीतून आम्ही बाहेर निघालो की बाबा म्हणायचे, "त्या बाईले घे ना. उभी हाय बिचारी." मी म्हणायची, "बाबा, इथे असं कुणाला गाडीत घेत नाहीत." ते पुन्हा मान हलवायचे.

एका रविवारी बाबा बनियनवरच घराबाहेर धावले. रस्त्यावरून एक छोटी गाडी टकटक आवाज करत गेली होती. कोपऱ्यावर सिग्नलला त्यांनी ती गाठली. चालवणारा एक शेतकरी होता. त्याला मराठी येत नव्हतं आणि बाबांना इंग्रजी. मी चपला घालून पोचेपर्यंत दोघे बॉनेट उघडून आत वाकले होते आणि महिन्याभरात ती गाडी माझी झाली.

गाडी चांगली होती, पण आमच्या डोंगराळ गावचे चढ तिला जड जायचे. बाबांनी माझ्या गॅरेजात पान्हा आणि पेचकस घेऊन पंपाचा एक पेच थोडा फिरवला, गाडी चढावर नेली, परत आणली, पुन्हा फिरवला. मनासारखी ओढायला लागली तेव्हा म्हणाले, "निशाणी कराले निळी नेलपॉलिश दे." माझ्याकडे निळी नव्हती. लाल, गुलाबी, मरून, सगळ्या दाखवल्या. त्यांना निळीच पाहिजे होती. शेवटी दुकानात जाऊन आणली आणि त्यांनी पेच आणि नट यांच्यावरून आडवी निळी रेघ ओढली, म्हणजे पेच जरा जरी हलला तरी कळावं. त्या दिवसापासून गाडी चढ सरसर चढायला लागली आणि मागून काळा धूर सोडायला लागली. डोरोथी मला लांबून पाहूनच रुमाल नाकाला लावायची. मी काचेतून हात हलवायची. आठ वर्षं आमची ओळख एवढीच.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. अचानक. मला पोचायला तिसरा दिवस उजाडला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तेवढी हजर होते. त्यांचा चेहरा मला पाहायला मिळाला नाही, हे दुःख अजून जात नाही आणि जाईल असंही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर पंप गळायला लागला. तिथला मेकॅनिक प्रामाणिक माणूस. म्हणाला, "दुसरा तयार पंप मागवतो, पण जुना परत द्यावा लागेल, तसाच नियम आहे. नाहीतर गाडीच मोडीत काढा." जुना द्यायचा म्हणजे बाबांनी फिरवलेला पेच आणि त्यांनी ओढलेली निळी रेघ कुठल्यातरी कारखान्यात जाऊन घासून निघणार. बाबांच्या हाताची तेवढीच एक गोष्ट माझ्याकडे होती. मला पंप सुरू व्हायला हवा होता आणि ती रेघ जशीच्या तशी हवी होती. बाबा पंपाचं काम आयुष्यभर एकाच माणसाकडून करून घ्यायचे, वडशाच्या देवाजी मिस्त्रींकडून. मग मी रिंगांचं आणि वायसरांचं पुडकं मागवलं, पंप उतरवला आणि तिकीट काढलं.

गोंडपिपरी

आईने बॅग उघडली, स्वेटर उलगडला आणि नाकाशी धरून तशीच उभी राहिली. मी ओशाळले. इतकं धुऊन-सुकवूनही वास लागलाच होता.

"आण इकडे, आई. सर्फात भिजवून टाकते."

"राहू दे. तुह्या बाबाचा वास येऊन राह्यला याले," ती म्हणाली आणि स्वेटर साडीवरून चढवला. पुढचे तीन दिवस तिने तो काढला नाही.

सकाळी तिने तांदळाच्या पिठाचे आयते केले होते. पातळ, जाळीदार, तव्यावरून निघाले की लगेच खायचे. सोबत जवसाची चटणी. मी अमेरिकेत तांदळाच्या पिठासाठी नाना दुकानं पालथी घातली, पण तिथला आयता तव्याला मिठी मारून बसतो, सुटत नाही. इथे आई एका हाताने चुलीत लाकूड सारत दुसऱ्या हाताने आयता उलटत होती. मी सात खाल्ले.

वडशाला जायला पूर्ण गाडी करावी, असा माझा बेत होता. आईला तो आवडला नाही.

"दोन माणसांले पूर्ण गाडी कशाले? काळीपिवळीनं गडचिरोलीवरी जाऊ, तिथून यष्टी."

"पंप आहे सोबत, जड आहे."

"मांडीवर घेतो."

स्टँडवर रमेश नावाचा चाळिशीतला ड्रायव्हर सवाऱ्या भरत होता. त्याने बाबांच्या हाताखाली स्टेअरिंग शिकलं होतं, हे तो भेटेल त्याला अजूनही सांगतो. आम्हाला त्याने मधल्या बाकावर खिडकीची जागा दिली. बारा माणसं झाली, तेरा झाली, गाडी हलेना. अमेरिकेत राहून मला वेळेची खोड लागली आहे. मी घड्याळ पाहिलं.

"रमेशभाऊ, निघायचं का?"

"थांबा ना ताई. तीन कमी हायेत. वामनभाऊनं शिकवलं हाय, सोळा झाल्याबिगर चाक हलवाचं नाई."

ते मलाही चांगलंच माहीत होतं. लहानपणी शाळेला सुट्टी असली की बाबा मला जीपजवळ उभं ठेवायचे. पंधरा झाले आणि सोळावा मिळेना, की मला उचलून पुढे बसवायचे, "झाले सोळा!" आणि जीप सुटायची. मग चामोर्शीला मला एक केळ मिळायचं. बोट दाखवत, ओठ हलवत, प्रत्येक डोकं मोजायची त्यांची पद्धत होती. मांडीवरचं लेकरू धरायचे नाहीत. रमेशनेही तसंच बोट दाखवत मोजलं, शेवटचा मोजला आणि जीप सुटली. पंप माझ्या मांडीवर, एका आजीबाईंची कोंबड्यांची दुरडी माझ्या पायांवर आणि आईचा डिझेलचा स्वेटर माझ्या खांद्याला.

वैनगंगेचा पूल

आष्टीच्या अलीकडे रस्ता आता ओळखू येत नाही. लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांगच रांग. दोन्ही बाजूंची झाडं तांबड्या धुळीने माखलेली. पूर्वी या रस्त्यावर बाबांच्या जीपला समोरून गाडी आली तर दोघे ड्रायव्हर थांबून तंबाखू मळायचे. आता रमेशला ट्रकांच्या मधून वाट काढताना तंबाखू काढायलाही फुरसत नव्हती. धुळीपलीकडे मात्र शेतं तशीच होती. धान कापून झालेलं, बांध्यांत नुसते बुडखे आणि खळ्यावर धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे रचलेले. ओल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास जीपमध्ये आला. तिकडे माझ्या घरामागेही शेत आहे, मक्याचं. त्याला वास नाही, किंवा असेल, पण माझं नाक तो ओळखत नाही.

पुलावर चढताना रमेशने गिअर खाली टाकला. सोळा माणसांची जीप भरल्या बैलगाडीसारखी कण्हली आणि मागून काळ्या धुराचा लोट उठला. आईने मागे वळून पाहिलं.

"असाच निंघे," ती म्हणाली. मी तिचा हात धरला. खाली वैनगंगेचं पाणी कमी झालेलं, मधे वाळूची बेटं उघडी पडलेली आणि त्यांवर कुणीतरी टरबूजवाडी लावायला घेतलेली. आजीबाईंनी दुरडीवरचं फडकं सारखं केलं आणि मला विचारलं, "मांडीवर काय हाय वो बाई? लेकरू वानी धरून राह्यली."

"पंप आहे."

"मोटारीचा? कुठून आणला?"

"अमेरिकेहून."

"बापा! आपल्या चामोर्शीत नाई भेटत काय?"

जीपभर हसू पिकलं. मीही हसले. खरं उत्तर सांगायला पुढचा थांबा आडवा आला.

आरमोरी

गडचिरोलीला बस मिळाली. आरमोरीच्या वाटेवर जंगल रस्त्याला येऊन भिडतं आणि हत्ती-वाघांपासून सावध करणाऱ्या पाट्या लागतात. माझ्या लहानपणी वाघ होता, पाट्या नव्हत्या. आमच्या पेनसिल्व्हेनियातही पाट्या आहेत, हरणांच्या. तिथे हरीण गाडीवर आपटलं तर लोक विमा कंपनीला फोन करतात. इथे बसमधले सगळे एका खिडकीकडे सरकले, कारण कुणीतरी म्हणालं, हत्ती गेल्याचा माग दिसतो. माग म्हणजे मोडलेली बांबूची बेटं. कंडक्टरने सगळ्यांना बघू दिलं आणि मग घंटी मारली.

मिस्त्रींच्या घरी न्यायला खाऊ घ्यावा म्हणून आरमोरीच्या बाजारात उतरलो आणि तिथे आमचा पाऊण तास मोडला, तो माझ्यामुळे. बसमध्ये पिशवी वरच्या रॅकवर ठेवली होती, ती उतरताना राहिली. रिंगांचं पुडकं त्याच पिशवीत. पंप होता, पण त्याच्या रिंगा बसमधून पुढे निघून गेल्या होत्या. मी घाबरीघुबरी झाले. आई मात्र शांतपणे स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीशी गेली. तिथल्या माणसाने कुणालातरी फोन लावला, त्याने आणखी कुणाला, आणि वडशाच्या स्टँडवर पिशवी उतरवून ठेवल्याचं कळलं. "बसा, चहा घ्या," तो माणूस म्हणाला, "पिशवी कुठी पळून जाते?" मला अमेरिकेतला हरवलेल्या सामानाचा तेरा पानांचा अर्ज आठवला. चहात साखर भरपूर होती, तरी मी संपवला.

वडसा

हिवाळ्यात वडसा म्हणजे नाटकाचं गाव. दर खांबाला नाटकाचे फलक, दर ऑटोवर भोंगा, आणि भोंग्यातून कुणाचं तरी रडणं किंवा कुणाची तरी गर्जना. पिशवी घेतली आणि विचारत विचारत देवाजी मिस्त्रींचं दुकान गाठलं. शटर अर्धं वर होतं. वाकून पाहिलं तर आत रंगवलेला जंगलाचा पडदा, लाकडी तलवारींचा भारा आणि सोनेरी कागद लावलेलं एक सिंहासन. सिंहासनावर धोतर-बंडीतला एक म्हातारा बसून चष्म्याच्या जाड भिंगाखाली डिझेलची नोझल साफ करत होता.

"कोण होय?"

"देवाजी भाऊ, मी. वामनची," आई म्हणाली.

म्हातारा धडपडत उठला. "वहिनी! या, या. बसा," आणि त्याने आईपुढे सिंहासन सरकवलं. आई लाजली, नको नको म्हणाली आणि शेवटी स्वेटर सावरत त्यावर बसली. "नाटकवाल्यायचं सामान हाय हे," मिस्त्री म्हणाले. "पंपाचं काम आता कोण आणते? साऱ्या कंप्युटरच्या गाड्या आल्या. हिवाळ्याची खोली भाड्यानं देतो. आणि ही कोण? पोरगी? अमेरिकेची?"

मी पंप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वळवून वळवून पाहिला, वास घेतला आणि मग बोट त्या निळ्या रेघेवर थांबलं.

"ही वामनची निशाणी."

"हो काका. तुम्हाला कसं कळलं?"

"जीपीवर बी निळीच करे. निळ्याबिगर दुसरा रंग त्याले चालेच नाई." त्यांनी कापूस लावून पाहिलं. "गळते कुठून, पाहिलं काय? इथूनच. ह्या पेचाची रिंग वाळली. नवं डिझेल लई सोच्छ, जुन्या रिंगायले सोसत नाई."

"काका, निशाणी न तोडता होईल?"

"पेच काढल्याबिगर रिंग कशी बदलन बाई?"

म्हणजे एवढं हिंडून मी जिथे यायला नको होतं तिथेच आले होते. पंप गळत होता तो नेमका बाबांच्या रेघेखालून. रडू आलं आणि ते लपवायलाही जमलं नाही. मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. सिंहासनावरून आईच बोलली.

"का रडतं वो? तुहा बाबा दर सालाले जीपीचा पंप खोलून घे. जुनी निशाणी खरडून काढे आणि नवी करे. एक बी निशाणी त्यानं जपून ठेवली नाई. खोला भाऊ."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नखाने त्यांनी निळा थर खरडला. लहानशी खपली निघाली, ती मी उचलून रुमालात ठेवली. मग पेच पूर्ण सोडवण्याआधी तो किती आत फिरवलेला आहे ते मोजायचं म्हणून, ते कारखान्याची मूळ खूण शोधत हळूहळू पेच मागे फिरवू लागले. ओठ हलत होते. पाव फेरा. अर्धा. थांबले. पुन्हा थोडा. पाऊण फेऱ्यावर मूळ खूण जुळली आणि मिस्त्री हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, आईने पाणी दिलं.

"वहिनी, वामननं पोरीच्या गाडीले सोळा सवारीची सेटिंग देल्ली!"

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. जीप रिकामी चालवायची तर कारखान्याची खूण बरी. दहा माणसं भरायची तर पेच अर्धा फेरा जास्त, म्हणजे डिझेल थोडं जास्त जातं आणि गाडी ओढते. सोळा माणसं घेऊन वैनगंगेचा पूल चढायचा तर पाऊण फेरा. हे त्यांनीच बाबांना तरुणपणी शिकवलं होतं आणि बाबांनी पंचवीस वर्षं तेच केलं. "पाऊण फेरा हा, पक्का. त्याच्या हाताले तेच ठाऊक होतं. म्हणून धूर. एवढ्याशा गाडीत सोळा मानसांचं डिझेल. किती जण बसता तुम्ही त्यात?"

"मी एकटीच बसते."

"एकटी?" मिस्त्रींनी विचारलं, अगदी बाबा विचारायचे तसं.

आठ वर्षं मी त्या धुराला गाडीचं म्हातारपण समजत होते. तिथल्या मेकॅनिकने पेच मूळ खुणेवर फिरवू का म्हणून दोनदा विचारलं होतं आणि बाबांची निशाणी म्हणून मी हात लावू दिला नव्हता.

आई खाली पाहत होती. "तिकडून आल्यावर मले सांगे," ती म्हणाली, "पोरगी तिथी एकटी पडली होती, आता नाई पडणार. गाडी घेऊन देल्ली. गाडी दारात असली का मानसं येऊन बसतेत, म्हणे. मी म्हणलं, बरं."

बाहेर ऑटोचा भोंगा कुठल्यातरी नाटकाच्या वेळा सांगत पुढे गेला. चार महिने खिडकीत बसलेला माणूस माझं एकटेपण मोजत होता आणि मला वाटत होतं, तो रस्त्यावरच्या गाड्या मोजतोय. बाबा, मी कुणालाच बसवलं नाही हो. मनातल्या मनात मी हे म्हटलं, आणि पुन्हा रडले, पण या वेळी आईही रडली, त्यामुळे बरं वाटलं.

दुपारी मिस्त्रींच्या घरी जेवलो. गरम भात, लाखोळीची भाजी, सुक्या झिंग्यांची चटणी. जेवून परत आलो आणि रंगवलेला पडदा बाजूला सारला, तेव्हा त्यामागे तपासणीचं जुनं यंत्र निघालं. मिस्त्रींनी सगळ्या रिंगा बदलल्या, पंप यंत्रावर चढवला आणि सुरू केला. चार काचेच्या नळ्यांत डिझेल चढू लागलं. चारही नळ्यांत सारखं. एक थेंब कुठून गळला नाही. पेचावर पेचकस ठेवून त्यांनी विचारलं, "बोल बाई. कितीची करू? कारखान्याची, का वामनची?"

कारखान्याची म्हणजे माझ्या एकटीची. ती म्हणवेना. सोळांची म्हणायची फार इच्छा होती, पण डोरोथीचा रुमाल डोळ्यांसमोर आला.

"गाडीत पाच जागा आहेत, काका. पाचाची करा."

"पाचाची," मिस्त्री म्हणाले आणि पेच अगदी थोडा, बाभळीच्या काट्याएवढा, पुढे सरकवला. मग मला बाजारात पिटाळलं. बांगड्यांच्या दुकानात निळी नेलपॉलिश मागितली तर दुकानदारीण म्हणाली, "निळी कोण लावते वो? लाल घ्या, शोभून दिसन." मी निळीच घेतली. रेघ मी ओढली. हात हलला, थोडी वाकडी आली. मिस्त्री म्हणाले, वामनची बी वाकडीच राहे.

परत पेनसिल्व्हेनिया

जानेवारीत पंप बसवला. एका सकाळी, चांगलाच बर्फ पडलेला असताना, किल्ली अर्धी फिरवली, हीटरचा लाल दिवा विझेपर्यंत थांबले आणि गाडी सुरू झाली. मागे आरशात पाहिलं, पांढरी वाफ तेवढी. फाटकातून बाहेर आले तर थांब्यावर डोरोथी उभी होती, रुमाल तयार धरून.

मी गाडी थांबवली. आठ वर्षांत पहिल्यांदा. काच खाली केली आणि हात लांब करून तिच्या बाजूचं दार उघडलं. ती आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहत राहिली आणि मग बर्फ झटकून आत बसली.

चढ लागला. ती मागे वळून पाहू लागली.

"तुझी गाडी आज धूर सोडत नाही."

"माझ्या वडिलांनी ती सोळा माणसांसाठी लावली होती," मी म्हटलं. "आता पाचांसाठी लावून आणली आहे."

सोळा माणसं या गाडीत कशी बसणार, हे तिने विचारलं नाही. मागच्या रिकाम्या सीटकडे पाहून म्हणाली, "पुढच्या वळणावर माझी मैत्रीण बसची वाट पाहत असते. तिचे गुडघे दुखतात. तिला घ्यायचं का?"

वळणावर गाडी थांबवली. मैत्रीण दार धरून, गुडघे सावरत, हळूहळू मागे बसली. मी गिअर टाकण्याआधी मागे वळले आणि बोट दाखवत, ओठ हलवत मोजलं. तीन झाले होते. अजून दोघांची जागा होती.